विश्लेषण : मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भावे लाकडी बाहुल्या का घडवत होते?

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ मध्ये याच दिवशी सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांचे नाव नाट्यगृहांना आहे, सांगलीतून दिल्या जाणाऱ्या मानाच्या गौरवपदकालाही आहे. पण याच भाव्यांनी सीतास्वयंवराच्या आख्यानासाठी दोऱ्यांवर हलणाऱ्या लाकडी बाहुल्याही तयार केल्या होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नाटकाकडे कसे वळले?

विष्णू अमृत भावे यांचे वडील सांगली संस्थानच्या चाकरीत होते. संस्थानिक होते चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. तसे खेळ मराठीत व्हावेत, पण अधिक नीटनेटके, असे चिंतामणरावांच्या मनात आले आणि ती जबाबदारी तरुण विष्णुपंतांवर पडली. समोर मराठी नाटकाचा तयार नमुना नव्हता. पदे रचणे, माणसे जमवणे, त्यांना शिकवणे, सोंगे सजवणे हे सारे एकट्याने उभे करायचे होते.

बाहुलीत अवघड काय असते?

कळसूत्री या शब्दातच उत्तर आहे : कळ आणि सूत्र. बाहुलीचे डोके, धड, दंड, हात, मांड्या, पाय वेगवेगळे कोरून सांध्यांवर जोडावे लागतात. सांधा सैल झाला तर हात नुसता लोंबकळतो, घट्ट झाला तर दोरी ओढूनही हलत नाही. दोरी कोपराला बांधली की एक हालचाल मिळते, मनगटाला बांधली की दुसरी.

सीतास्वयंवराचा प्रसंगच घ्या. रामाचे दोन्ही हात एकाच वेळी वर जायला हवेत, नाहीतर धनुष्य तिरके होणार. रावणाला धनुष्याखाली उताणे पडायचे आहे, म्हणजे त्याची कंबर आणि गुडघे वेगळ्या तऱ्हेने वाकले पाहिजेत. शिवाय दहा तोंडांचे वजन मानेवर. सीतेला मात्र वरमाला घालण्याइतकी सावकाश हालचाल पुरते. उभ्या बाहुलीला गुडघे टेकायला लावायचे तर नुसती दोरी बदलून भागत नाही; लाकूड तासून सांधाच नव्याने करावा लागतो. कोणत्या क्षणी कोणती मुद्रा हवी, हे कोरण्याआधीच ठरवावे लागते. दिग्दर्शकाचे काम याहून फार वेगळे नसते.

त्याचा रंगमंचाशी काय संबंध?

भाव्यांच्या नाटकात सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगमंचावरच असे. मृदंग आणि टाळांच्या साथीने पदे तोच म्हणे. आधी मंगलाचरण, मग विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती आणि त्यानंतर मूळ आख्यान. पात्रे सूत्रधाराच्या पदांवर अभिनय करत आणि मधली भाषणे आयत्या वेळी, स्वतःच्या शब्दांत करत. राक्षस आरडाओरडा करत येत, त्यावरून पुढे या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके असे थट्टेने म्हटले गेले. स्त्रियांची कामे पुरुष करत.

आवाज एकाचा आणि अंगविक्षेप दुसऱ्यांचे, ही मांडणी बाहुल्यांच्या खेळाचीच. भागवत मंडळींच्या खेळातही निवेदन करणारा गायक असतो, त्यामुळे सगळे श्रेय बाहुल्यांना देता येणार नाही. तरीही सूत्रधार या शब्दाचा सरळ अर्थ दोरी धरणारा असा होतो, आणि भाव्यांनी दोऱ्या खरोखरच हाताळल्या होत्या. (संस्कृत नाटकाचे मूळ बाहुल्यांच्या खेळात असावे, असे याच शब्दावरून काही अभ्यासकांनी सुचवले होते. सर्वांना ते पटलेले नाही.)

राजाश्रय गेल्यावर काय झाले?

तो काळ संस्थानांना अस्थिर होता. शेजारचे साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. (आजचा सांगली जिल्हाही १९४९ ते १९६० या काळात दक्षिण सातारा या नावाने ओळखला जात होता.) सांगली संस्थान टिकले, पण १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा आधार गेला. हाताशी शिकवून तयार केलेली मंडळी होती आणि त्यांना पोसायला पैसा नव्हता. मंडळी मोडायची की गाव सोडायचे, एवढेच उरले होते.

भाव्यांनी गाव सोडले. १८५३ मध्ये ‘सांगलीकर’ मंडळी मुंबईत पोहोचली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. दरबाराचा खेळ आता पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाचा झाला. पाहता पाहता इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर अशा मंडळ्या निघाल्या. स्वतः भावे १८६० नंतरच्या काही वर्षांतच या धंद्यातून बाजूला झाले.

पुढे काय उरले?

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. आता पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली. सगळी सूत्रे एकट्या सूत्रधाराच्या हाती राहिली नाहीत. आपली पद्धत मागे पडताना भाव्यांनी हयातीतच पाहिली. १८८५ मध्ये त्यांचा ‘नाट्यकविता संग्रह’ प्रसिद्ध झाला. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नाटकांतील आयत्या वेळची भाषणे हवेत विरली, कारण ती लिहिलेलीच नव्हती. लाकडी बाहुल्या मात्र राहिल्या. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांसमोर आणल्या. भाव्यांच्या हातचे ‘सीतास्वयंवर’ असे दुसऱ्यांदा रंगमंचावर आले, या वेळी माणसांशिवाय.