सिमेंटला सजीवपण देणारे शिल्पकार : वि. पां. करमरकर

महाराष्ट्राच्या शिल्पकलेचे आद्य माध्यम म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ. वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशिम, ही ज्यांची राजधानी होती, त्या वाकाटकांच्या काळात पाचव्या शतकात अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली. सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तेथील सोळाव्या लेण्यात आजही पाहावयास मिळतो. त्यानंतर सुमारे दीड हजार वर्षांनी याच भूमीतील एका शिल्पकाराने आपल्या युगाचे माध्यम म्हणून एका अगदीच निराळ्या पदार्थाची निवड केली. तो पदार्थ होता सिमेंट, आणि ते शिल्पकार होते विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळच्या सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. घरात गणेशमूर्ती घडविण्याची परंपरा होती. मातीचा ओलावा किती असावा, बोटांचा दाब कोठे द्यावा आणि कोठे हात आवरता घ्यावा, हे ज्ञान त्यांना शाळेच्या पाटीआधीच मिळाले. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी लहानपणी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड फिरतीवर आले असता ते चित्र त्यांच्या दृष्टीस पडले. ते कोणी काढले याची त्यांनी चौकशी केली आणि त्या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची व्यवस्था केली. कोकणातील एका भिंतीवरील चित्राने असे एका आयुष्याचे वळण ठरविले.

जे. जे. मध्ये त्यांनी मानाचे मेयो पदक मिळविले. पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते कोलकात्यास गेले व तेथे त्यांनी आपली शिल्पशाळा थाटली. १९२० साली ते लंडनला रॉयल अकादमीत पुढील शिक्षणासाठी गेले. परतल्यावर व्यक्तिशिल्पकार म्हणून त्यांची कीर्ती वाढत गेली. पण त्यांची खरी कसोटी पुढेच होती.

पुण्यात शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक व्हावे, हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचा संकल्प होता. १९२१ साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. दुसऱ्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले, तरी संकल्प थांबला नाही. अश्वारूढ पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा, जवळपास आठ टन वजनाचा हा पुतळा तुकडे जोडून न करता एकसंध ओतण्याचे धाडस त्यांनी केले. अशा ओतकामात दुसरी संधी नसते. साच्यात थोडा दमटपणा राहिला, वितळलेला रस मध्येच थंडावला किंवा हवा कोंडली, तर अनेक महिन्यांची मेहनत क्षणात मातीमोल होते. मुंबईच्या माझगाव गोदीतील ओतशाळेत हे काम पार पडले. पुतळा रेल्वेने पुण्यास नेण्यात आला आणि १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील हा पुतळा भारतीय कारागिरीचा मानदंड ठरला.

येथून पुढे राजेरजवाड्यांची कामे घेत वैभवात राहणे करमरकरांना सहज शक्य होते. अशी कामे त्यांनी केलीही. परंतु त्यांचे मन रमले ते आपल्या सासवण्यात. डोईवर पाटी घेतलेली कोळीण, ओझे वाहून थकलेला हमाल, घरची म्हैस, दारचा कुत्रा हे त्यांचे विषय झाले. येथे एक व्यावहारिक प्रश्न होता. ब्राँझला ओतशाळा लागते, संगमरवराला पैसा लागतो, आणि या दोहोंसाठी आश्रयदाता लागतो. कोळिणीच्या किंवा म्हशीच्या पुतळ्यासाठी पैसे कोण मोजणार? भारतात १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले होते आणि घरबांधणीमुळे ते सर्वत्र मिळू लागले होते. या माध्यमाने करमरकरांना आश्रयदात्यापासून मुक्त केले.

हे माध्यम स्वस्त असले तरी सोपे नव्हे. माती ओल्या फडक्याने झाकून ठेवली की आठवडेच्या आठवडे तिच्यावर हात फिरविता येतो. सिमेंट मात्र पाणी मिसळताच आळू लागते आणि काही तासांत हाताबाहेर जाते. आत लोखंडी सळयांचा सांगाडा नीट नसेल तर हातपाय तुटतात. घाईने वाळविले तर तडे जातात, म्हणून कित्येक दिवस पाणी पाजावे लागते. रंग त्याचा राखी, पोत रखरखीत. अशा रुक्ष पदार्थातून त्वचेची मृदुता, लुगड्याची घडी आणि जनावराच्या अंगावरील सैल कातडे साकारणे, हे करमरकरांचे असामान्य यश होय. त्यांची सिमेंटमधील म्हैस पाहून क्षणभर फसलेला प्रेक्षक विरळा नाही.

काळ मात्र बदलत होता. १९४७ नंतर मुंबईच्या कलाविश्वात आधुनिकतेचे वारे वाहू लागले आणि हुबेहूब साम्य साधणारी शिल्पकला जुनी मानली जाऊ लागली. करमरकरांनी आपली वाट सोडली नाही. पद्मश्रीचा सन्मान त्यांना लाभला, तरी नव्या कलाचर्चेत त्यांचे नाव मागे पडत गेले. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

सासवण्यातील त्यांचे राहते घर कुटुंबीयांनी शिल्पालय म्हणून जपले. पुण्यातील पुतळ्यापुढे लोक इतिहासाला वंदन करतात. सासवण्यात मात्र त्यांना आपल्याच ओळखीची माणसे भेटतात. ज्या कोळिणीला कोणत्याही दरबाराने संगमरवरात कोरले नसते, तिला या शिल्पकाराने घरांच्या पायात घालावयाच्या सिमेंटमधून चिरंजीव केले. वाकाटककालीन कारागिरांनी हाताशी असलेल्या कातळात आपला काळ कोरला. करमरकरांनी हाताशी असलेल्या सिमेंटमध्ये आपले गाव घडविले. माध्यमाची प्रतिष्ठा ही पदार्थात नसून हातात असते, हेच त्यांच्या आयुष्याचे सार म्हणावे लागेल.