संत आंद्रिया आणि निळ्या ध्वजावरचा क्रूस

येत्या ३० नोव्हेंबरला आपण प्रेषित संत आंद्रिया ह्यांचा सण साजरा करणार आहोत. हेच संत स्कॉटलंड देशाचे आश्रयदाते. त्या देशाचा निळा ध्वज आणि त्यावरचा तिरका पांढरा क्रूस सामन्यांच्या वेळी आपण टीव्हीवर पाहतो. क्रूस तिरका का, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

आंद्रिया हे बेथसैदा गावचे, धंद्याने कोळी. आधी ते बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिष्य होते. येशूची भेट झाल्यावर त्यांनी आपला भाऊ शिमोन ह्यांना शोधून येशूकडे आणले. तेच पुढे पेत्र झाले, ख्रिस्तसभेचे खडक झाले. आणि आंद्रिया जन्मभर पेत्राचे भाऊ म्हणूनच ओळखले गेले! आपल्यापैकी कुणाला हे सहज पचले असते का? त्यांनी मात्र माणसे आणण्याचे काम सोडले नाही. पाच भाकरी आणि दोन मासे असलेला मुलगा त्यांनीच येशूला दाखवला. काही ग्रीक लोकांना येशूला भेटायचे होते, तेव्हा फिलिपाने आधी आंद्रियालाच गाठले.

परंपरेनुसार ग्रीसमधील पात्रास येथे त्यांना क्रूसावर मरण आले. यातना लांबाव्यात म्हणून त्यांना खिळे न ठोकता दोरांनी बांधले, असे सांगतात. क्रूस तिरका होता ही समजूत बरीच नंतरची.

आंद्रिया स्वतः स्कॉटलंडला गेल्याचा पुरावा नाही. त्यांचे अवशेष तेथे आणले गेले अशी कथा आहे. इ.स. ८३२ मध्ये लढाईपूर्वी अँगस राजाला निळ्या आकाशात पांढरा क्रूस दिसला, ही दुसरी कथा. इतिहासकार ती खरी धरत नाहीत. १३२० मध्ये मात्र स्कॉटिश सरदारांनी पोपमहोदयांना पाठवलेल्या पत्रात आंद्रियांचा आपले आश्रयदाते म्हणून उल्लेख केला. तेथेही ओळख दिली ती पेत्राचे भाऊ अशीच.

स्कॉटलंडचा आणखी एक ध्वज आहे, पिवळ्यावर लाल सिंहाचा. तो राजाचा, कायद्याने तो इतरांना आपल्या घरावर लावता येत नाही. कोळ्याच्या क्रूसाचा निळा ध्वज मात्र कुणीही लावावा.

१५५९ मध्ये धर्मसुधारणेच्या धामधुमीत सेंट अँड्र्यूज येथील कॅथेड्रल लुटले गेले आणि तेथील अवशेष नाहीसे झाले. १९६९ मध्ये पोप सहावे पौल ह्यांनी स्कॉटलंडचे कार्डिनल गॉर्डन ग्रे ह्यांच्या हाती आंद्रियांचा एक अवशेष दिला. पेत्राच्या वारसाने दिलेला पेत्राच्या भावाचा हा अवशेष एडिंबरोच्या सेंट मेरी कॅथेड्रलमध्ये आहे.