देवासचे शिक्षक, नाट्यगीतांचे कवी

भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७३ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली येथे झाला. झाशी आणि देवास येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले; प्रतिकूल परिस्थितीमुळे उच्च शिक्षण मात्र अपुरे राहिले. पवारांच्या धार-देवासमध्ये मराठी दरबारात नांदत होती, भोवताली माळवी बोलली जात होती. तेथेच देवासच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले.

ब्राउनिंगच्या वाचनातून त्यांनी मराठीत नाट्यगीत रुजवले. एक प्रसंग, एक पात्र आणि त्याच्याच तोंडचे बोल, एवढ्यावर ते उभे राहते. महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या या कवीचा पहिला संग्रह १९२० मध्ये, त्यांची सेहेचाळिशी उलटल्यावर प्रसिद्ध झाला. पुढे ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. आपले बा. भ. बोरकर त्यांना गुरुस्थानी मानत.

प्राथमिक शाळेत नाटक म्हटले की पडदा, पोशाख आणि पाठांतर यांचीच धांदल उडते. मोजकी मुले रंगमंचावर जातात, उरलेली बघत बसतात. नाट्यगीताला रंगमंच लागत नाही. वर्गातील प्रत्येक मुलाला क्षणभर दुसऱ्याच्या मनात शिरून बोलता येते. नाटकाचा पहिला धडा तोच.