वासुदेव बळवंत फडके : जीवनपरिचय

परकीय सत्तेविरुद्ध झालेल्या लोकउठावाची स्मृती कलाकृतीही जपते. माद्रिद येथील १८०८ चा उठाव स्वच्छंदतावादी प्रवृत्तीचा चित्रकार गोया याने १८१४ मध्ये दोन चित्रांत रंगवला. वासुदेव बळवंतांनी आपल्या उठावाचे चित्र स्वतःच शब्दांत रेखाटले.

फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी, आजच्या नवी मुंबईलगतच्या पनवेल तालुक्यात, शिरढोण येथे झाला. पुढे ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून झाले. आई मृत्युशय्येवर असता वेळेवर रजा न मिळाल्याने तिची अखेरची भेट हुकली. १८७६-७७ च्या दुष्काळातील जनतेचे हाल पाहून या वैयक्तिक दुःखाला व्यापक रूप आले. सुशिक्षितांकडून पुरेशी साथ मिळाली नाही, तेव्हा त्यांनी प्रामुख्याने रामोशी समाजातील माणसे संघटित केली आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे पहिला छापा घातला. काही महिन्यांतच उठाव विस्कटला. त्या खिन्न काळात श्रीशैल येथे त्यांनी आत्मचरित्र लिहिले.

जुलै १८७९ मध्ये विजापूर जिल्ह्यातील देवर नावडगी येथे ते पकडले गेले. खटल्यात त्यांचे आत्मचरित्र व रोजनिशी हा त्यांच्याविरुद्धचा महत्त्वाचा पुरावा ठरला. जन्मठेपेवर त्यांना एडनला पाठवण्यात आले. तेथून त्यांनी एकदा पलायन केले, पण ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

ज्या लेखनाने लेखकाला शिक्षा झाली, त्यानेच त्याची स्मृती राखली. मराठी आत्मचरित्राचा अभ्यास करताना ही बाब आपण ध्यानात घ्यावी.