बत्ती न पेटवता

वर्ध्याच्या शाखेत माझी बदली झाली ते दिवस सहामाही हिशेबाचे होते. बँकांत तेव्हा संगणक आले नव्हते. खतावण्या जुळल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही, असा अलिखित नियम होता. कुठेतरी सात-आठ रुपयांचा फरक निघायचा आणि त्यापायी आठ-दहा माणसे रात्री साडेअकरापर्यंत मान मोडून आकडे तपासत बसायची. फरक सापडला की शिपाई शटर ओढायचा आणि आम्ही आपापल्या सायकली काढायचो.

त्या सात-आठ रुपयांच्या कृपेने मला रात्रीचे वर्धा पाहायला मिळाले. हे शहर इंग्रजांनी १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसवले. त्यामुळे रस्ते सरळ आणि रुंद. दिवसा त्याचे काही वाटत नाही. रात्री मात्र बजाज चौकात उभे राहिले, की खांबांवरचे पिवळे दिवे दूरवर एकामागे एक लहान होत गेलेले दिसायचे आणि दोन दिव्यांच्या मधल्या अंधारातून एखादा सायकलस्वार मध्येच प्रकट होऊन पुन्हा नाहीसा व्हायचा. थंडीत शेकोट्यांचा धूर जमिनीलगत रेंगाळायचा. स्टेशनाकडे एखाद्या हॉटेलातली भट्टी विझत आलेली असायची आणि तेवढाच तांबूस उजेड फरशीवर पडलेला. दिवसा शंभर वेळा पाहिलेला रस्ता त्या वेळी ओळखीचा वाटत नसे.

आमच्या शाखेत एकाला फोटोंचा भारी नाद. हे सगळे कॅमेऱ्यात धरायचेच, असे त्याने एका रात्री मनावर घेतले. स्टेशनासमोर एक रिक्षावाला आपल्याच रिक्षात अंगाचे मुटकुळे करून झोपला होता. याने जवळ जाऊन फ्लॅश मारला. आठवड्याने फोटो धुऊन आले. रिक्षावाल्याचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा, डोळे विस्फारलेले, आणि मागचा अख्खा रस्ता काळ्या शाईत बुडालेला. झोपलेला माणूस टिपायचा होता. फोटोत दचकून उठलेला माणूस आला होता. रात्र तर कुठेच नव्हती.

आमचे वयस्कर कॅशियर तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले, की इथून दोन कोसांवर सेवाग्रामात एक फोटोग्राफर होऊन गेला, त्याला फ्लॅश वापरायची बंदीच होती. कनू गांधींचे नाव मी ऐकले ते तेव्हा.

या नावाने हमखास एक घोटाळा होतो. जुहूच्या वाळूत गांधीजींच्या काठीचे टोक धरून त्यांना पुढे ओढत नेणारा एक लहान मुलगा आपण सर्वांनी चित्रात पाहिला आहे. तोही कनूच, पण तो रामदास गांधींचा मुलगा, म्हणजे महात्माजींचा सख्खा नातू. आपले कनूभाई वेगळे. ते नारणदास गांधींचे चिरंजीव. नारणदास हे गांधीजींचे चुलत पुतणे आणि साबरमती आश्रमाच्या व्यवस्थेतले आधारस्तंभ. त्या नात्याने कनूभाईही गांधीजींचे नातूच लागत. जन्म १९१७ चा. वाढले आश्रमाच्या शिस्तीत. तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण वडिलांच्या इच्छेने ते गांधीजींच्या सेवेत आले आणि सेवाग्रामच्या कार्यालयात पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळू लागले. हिशेब सांभाळणारा माणूस म्हटल्यावर मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला, हे कबूल करतो.

गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये वर्ध्याहून शेगाव या खेड्यात राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. मातीच्या भिंती, उतरती छपरे, साप-विंचवांचा शेजार. साऱ्या देशाचे लक्ष त्या झोपड्यांकडे लागलेले. पुढारी येत, परदेशी वार्ताहर येत, कॅमेरेवालेही येत. हे सारे चोवीस तास जवळून पाहणाऱ्या तरुण कारकुनाला आपणही छायाचित्रे काढावीत असे वाटू लागले. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना त्यासाठी उत्तेजन दिले. पण कॅमेरा आणायचा कुठून? आश्रमात पेन्सिलीचा तुकडासुद्धा जपून वापरायचा. अखेर घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून एक रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला.

गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. छायाचित्रासाठी आपल्याला थांबायला किंवा अमुक एका रीतीने बसायला सांगायचे नाही. आणि या कामाचा पैसा आश्रम देणार नाही. मी आयुष्यभर कर्जाचे कागद तपासले. तारण नाही, व्याज नाही, परतफेड नाही आणि तरीही इतक्या कडक अटी, असे प्रकरण माझ्या टेबलावर कधी आले नाही.

त्यातली पहिली अट किती जड होती, हे समजायला तेव्हाची फिल्म कशी होती ते लक्षात घ्यायला हवे. ती आजच्या मानाने फार मंद. प्रकाश सावकाश पिणारी. कुटीत उजेड यायचा तो लहान खिडक्यांतून. दिवस मावळला की कंदील. पहाटेची प्रार्थना तर उजाडण्याच्या आधीच. अशा जागी शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते आणि तेवढ्यात समोरचा हलला की चित्र पुसट होते. समोर बसलेला माणूस तर चरखा चालवणारा, लिहिणारा, बोलणारा. आणि दुसऱ्या अटीप्रमाणे त्याला जरा थांबा असे म्हणायची सोय नाही. रोलीफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. त्या काचेत उजवे-डावे उलटे दिसते. रोलमध्ये चित्रे बारा. बटण दाबताना श्वास रोखायचा आणि हात छातीशी घट्ट धरायचे. पुन्हा आवाज म्हणाल तर बारीक टिचकीइतका. मान खाली घातलेला हा घरचाच मुलगा कधी चित्र घेतो आहे आणि कधी नुसता उभा आहे, हे समोरच्याला कळतही नसेल.

याच दशकात तिकडे पॅरिसमध्ये ब्रासाई नावाचा हंगेरियन माणूस रात्रभर रस्ते तुडवत होता. ओले दगडी रस्ते, धुक्यातले दिवे, बंद दुकानांपुढची माणसे अशा चित्रांचे त्याचे पुस्तक १९३३ साली निघाले आणि रात्रीच्या शहराची छायाचित्रे म्हटले की आजही जग पहिल्यांदा त्याचे नाव घेते. तो कॅमेरा तिकाटण्यावर लावून शटर उघडायचा आणि सिगारेट ओढत वेळ मोजायचा. फार काळोख असेल तर जाडी सिगारेट. माणसे टिपताना मात्र तोसुद्धा प्रसंगी झगझगाटी पूड पेटवत असे. कनूभाईंना तिकाटणे रोवून बसायला सवड नव्हती, आणि सिगारेटचे तर आश्रमात नावच नको! त्यांनी वर्ध्याच्या रस्त्यांची रात्रही टिपली नाही. पण अंधाराला हुसकून न लावता त्याच्याच सोबतीने चित्र काढायचे, ही ब्रासाईने शहरासाठी उचललेली रीत आमच्या जिल्ह्यात एका खेड्यातल्या कारकुनाच्या वाट्याला अट म्हणून आली.

आणि अटीतून काय निपजले पाहा. कुष्ठरोगाने पछाडलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री १९३९ साली आश्रमात आले. लोक त्यांच्यापासून दूर पळत. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. ते कनूभाईंचे छायाचित्र पाहताना आपण तिसरे कुणी आहोत असे वाटत नाही. १९४५-४६ च्या दौऱ्यात गाडीच्या खिडकीतून हरिजन फंडासाठी पुढे आलेला गांधीजींचा तळहात आणि फलाटावरून त्याच्याकडे झेपावणारे हात त्यांनी टिपले. कित्येक चित्रांत चेहरा अर्धा सावलीत आहे, कुठे हात हलल्याच्या खुणा आहेत, दाणा जाड आहे. स्टुडिओवाला असली प्रत फाडून टाकेल. पण त्या सावलीत कुटीतला गारवा आणि शांतता उतरली आहे. फ्लॅशच्या एका झपक्यात ती गेली असती.

इतक्या जवळच्या माणसालाही एका दारातून कॅमेरा आत नेता आला नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसात कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. सेवेसाठी कनूभाईंना आत राहायला मिळाले होते. २२ तारखेच्या संध्याकाळी बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. त्या क्षणाचे छायाचित्र घ्यायला गांधीजींनी मनाई केली. कॅमेरा होता, चालवणारा होता, आणि प्रसंग तर उभ्या देशाच्या काळजाला हात घालणारा. चित्र काढले गेले नाही. वारसदार म्हणावा अशा मुलालासुद्धा ते पाहून घ्यावे लागले आणि मनातच ठेवावे लागले.

पुढे बंगालहून आश्रमात आलेल्या आभा चॅटर्जी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १९४६ च्या नोव्हेंबरात गांधीजी दंगलीत होरपळलेल्या नौखालीत गेले आणि आपल्या सोबत्यांना त्यांनी वेगवेगळ्या गावांत पाठवले. कनूभाई तिथे रुजले. कॅमेरा होता, पण मुख्य काम घाबरलेल्या माणसांत राहून त्यांना धीर देण्याचे. गांधीजी बिहारला गेले, कलकत्त्याला गेले, दिल्लीला गेले. कनूभाई नौखालीतच राहिले.

३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी गांधीजी प्रार्थनेला निघाले तेव्हा त्यांचा एक हात मनूच्या खांद्यावर होता आणि दुसरा आभाच्या. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कनूभाईंची पत्नी हाताच्या अंतरावर होती आणि स्वतः कनूभाई शेकडो मैल दूर, बंगालच्या एका खेड्यात. दहा वर्षे ज्याने त्या माणसाची सावली सोडली नाही, तो त्या संध्याकाळी तिथे नव्हता. त्या क्षणाचे एकही छायाचित्र नाही.

त्यानंतर पती-पत्नी राजकोटजवळच्या त्रंबा गावी जाऊन राहिले. १९३९ च्या राजकोट सत्याग्रहात कस्तुरबांना तिथे स्थानबद्ध केले होते. त्याच ठिकाणी, कस्तुरबाधाममध्ये, दोघांनी खेड्यातल्या कामाला वाहून घेतले. छायाचित्रांवर नाव कमवायचा उद्योग कनूभाईंनी केला नाही. त्यांची चित्रे पाठ्यपुस्तकांत, कॅलेंडरांवर, कचेऱ्यांच्या भिंतींवर गेली. खाली नाव क्वचितच असायचे. १९८६ च्या फेब्रुवारीत उत्तरेत तीर्थयात्रेला गेले असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आभाबेन १९९५ मध्ये गेल्या. २०१५ साली दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यांच्या निवडक छायाचित्रांचे पुस्तक काढले, तेव्हा कुठे अनेकांना कळले, की आपल्या मनातले गांधीजी कुणा एकाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

हे सारे मला वेळेवर ठाऊक असते तर बरे झाले असते. माझे वडील शेवटच्या आजारात घरीच होते. एके रात्री ते शांत पडले होते. कोपऱ्यात देवापुढची समई आणि तिचा उजेड त्यांच्या कपाळावर. आई उशाशी बसून त्यांच्या केसांतून हात फिरवत होती. हे जपून ठेवावे म्हणून मी कपाटातून कॅमेरा काढला आणि फ्लॅश लावला. वडील दचकले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. आई काही बोलली नाही. तिने फक्त पदराने त्यांच्या डोळ्यांवर सावली धरली.

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात भिंत स्वच्छ दिसते, कॅलेंडरवरची तारीख वाचता येते, औषधाच्या बाटल्या मोजता येतात. समईचा उजेड मात्र त्यात नाही. तो पाहायचा झाला की मी डोळे मिटतो.