भुकेशी लढला, भुकेनेच गेला

रोगाची साथ आली की शेतातली काही झाडं मरतात, काही टिकतात. असं का, या प्रश्नामागे अर्धं जग पालथं घालणाऱ्या निकोलाय वाविलोवची ही गोष्ट.

द्राक्षाच्या पानांवर पांढरी पावडर टाकल्यासारखी दिसते, ती भुरी. गव्हाच्या पानांवर गंज चढल्यासारखे ठिपके येतात, तो तांबेरा. दोन्ही बुरशीचे रोग. घरी शेती असेल तर हे शब्द तुमच्या कानावरून नक्की गेले असतील. आता गंमत बघा. एकाच शेतात शेजारी शेजारी लावलेल्या गव्हाच्या दोन जातींपैकी एक तांबेऱ्याने पार करपते आणि दुसरी हिरवीगार उभी राहते. माती तीच, पाऊसही तोच. मग फरक कुठे?

वाविलोवला हाच प्रश्न पडला होता. त्याचा जन्म १८८७ सालचा, मॉस्कोचा. १८९१ मध्ये रशियात मोठा दुष्काळ पडला तेव्हा तो अगदी लहान, जेमतेम चार वर्षांचा होता. पुढे शेतीच्या कॉलेजात गेला. तिथला त्याचा प्रोजेक्ट कशावर होता माहितीये? पिकं खाणाऱ्या गोगलगायींवर!

१९१३ मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथे रोलंड बिफेन यांनी आधीच दाखवून दिलं होतं की, तांबेऱ्याला तोंड द्यायची गव्हाची ताकद मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरते. वाविलोवने हा धागा पकडला. गहू, ओट, बार्ली यांच्या शेकडो जाती लावून कोण आजारी पडतं आणि कोण नाही, याच्या नोंदी केल्या. भुरीला अजिबात दाद न देणारा ‘पर्शियन गहू’ त्याला यातच सापडला. १९१९ मध्ये वनस्पतींच्या रोगप्रतिकारशक्तीवर त्याचं पुस्तक आलं. सांगणं सरळ होतं : पीक रोगातून वाचतं ते नशिबाने नाही, ती ताकद वंशातून आलेली असते.

ही ताकद आत नेमकं काय करते, हे आज आपल्याला बरंच कळलंय. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. त्याचे बारीक तुकडे जाणवले की झाडाच्या पेशी सावध होतात आणि एरवी शांत असलेले जीन्स कामाला लागतात. काही जीन्समुळे बुरशीची भिंत फोडणारी एन्झाइम्स बनतात. फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल एरवी प्रथिनांसाठी लागतं. आता त्यातला मोठा वाटा लिग्निन आणि बुरशीला मारक रसायनं बनवण्याकडे वळतो. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशींवरच जगते, म्हणून लागण झालेल्या पेशी कधी कधी स्वतःहून मरतात आणि तिचं खाणंच तोडतात. अर्थात हे फुकट होत नाही. वाढीसाठीची ऊर्जा लढाईत जाते. जी जात शत्रूला लवकर ओळखते, ती वाचते. उशीर झाला की खेळ खल्लास.

मग असे जीन्स शोधायचे कुठे? वाविलोवला वाटत होतं, जिथे पीक आणि त्याचा रोग हजारो वर्षं एकत्र नांदलेत तिथे. म्हणून तो निघाला. पामीर, अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको, दक्षिण अमेरिका. कधी घोड्यावर, कधी खेचरांच्या तांड्यासोबत. पिकांच्या उगमस्थानांच्या त्याच्या यादीत भारतही आहे. लेनिनग्राडमधल्या त्याच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले. तेव्हा जगात बियाण्यांचा एवढा मोठा संग्रह दुसरा नव्हता.

पण घरी वारं फिरलं होतं. त्रोफिम लिसेन्को नावाच्या माणसाने जीन्स वगैरे सगळं थोतांड ठरवलं. परिस्थिती बदलली की पीक बदलतं आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, असा त्याचा दावा. झटपट उत्पादनाचं आश्वासन स्टालिनला आवडलं. वाविलोवला मान हलवून गप्प बसता आलं असतं. तो बसला नाही.

ऑगस्ट १९४० मध्ये पश्चिम युक्रेनमध्ये नमुने गोळा करत असतानाच त्याला अटक झाली. मागे राहिलेल्या त्याच्या पिशवीत सहकाऱ्यांना गव्हाची एक जुनी, दुर्मीळ जात सापडली. देशद्रोहाचे आरोप, महिनोन्‌महिने चौकशी, मग मृत्युदंड. पुढे तो वीस वर्षांच्या कैदेवर आला. त्याला ठेवलं साराटोवच्या तुरुंगात. याच शहरात तो एकेकाळी प्रोफेसर होता. युद्धामुळे त्याची बायको येलेना आणि मुलगाही याच शहरात येऊन राहिले होते. तो इतक्या जवळ आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं.

इकडे लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. लोक उपासमारीने मरत होते आणि वाविलोवचे सहकारी पोत्यांनी धान्य असलेल्या खोल्यांची राखण करत होते. तांदळाचा संग्रह सांभाळणारा दिमित्री इव्हानोव भुकेने गेला. भुईमुगाचा संग्रह सांभाळणारा अलेक्झांडर श्चुकिनही गेला. बियाण्याला कुणी हात लावला नाही.

२६ जानेवारी १९४३ ला वाविलोव तुरुंगातच गेला. वय ५५. उपासमारीने शरीर पोखरलेलं. १९५५ मध्ये सरकारने त्याला निर्दोष ठरवलं. आज ती संस्था त्याच्याच नावाने चालते.

रोगाचं रूप बदलतं, नवा तांबेरा येतो. तेव्हा ब्रीडर पुन्हा जुन्या, विसरलेल्या जातींकडे वळतात. कारण उत्तर बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी दडलेलं असतं. आजीने डब्यात जपून ठेवलेलं गावठी बियाणं कधी दिसलं, तर टाकून देऊ नका. तशाच बियाण्यांसाठी या माणसाने अर्धं जग पालथं घातलं होतं.