रुग्णाच्या सोबत्यालाही निवारा हवा : संत गाडगेबाबा



नाताळ जवळ आला आहे. घरोघरी गव्हाणीची तयारी सुरू झाली असेल. मरिया आणि योसेफ यांना बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा मिळाली नाही, हे आपण दरवर्षी ऐकतो. याच दिवसांत, २० डिसेंबरला, संत गाडगे महाराजांची पुण्यतिथी येते. जिथे गरिबाला जागा मिळत नाही, तिथे जागा करून देण्यात या माणसाचे आयुष्य गेले. म्हणून या रविवारी त्यांची आठवण करू या.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका गरीब परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या व्यसनाने लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाच्या घरी त्याने गुरे राखली, शेतात कष्ट केले. शाळा त्याच्या नशिबी नव्हती. सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीन गेली, तेव्हा अक्षरओळख नसलेला माणूस कसा फसतो हे त्याने जवळून पाहिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जवळ एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, अस्पृश्यता आणि देवाच्या नावाने होणारी पशुहत्या यांविरुद्ध लोकांना जागे करीत. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना आणि कुष्ठरोग्यांना जेवू घालीत.

त्यांना मिळालेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात दलित वारकऱ्यांना कोणी ओसरीवरही उभे करीत नव्हते. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र त्यांनी पक्के घर बांधले नाही. मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली, तेव्हा बाबा दूर गावी कीर्तनात उभे होते. ते कीर्तन त्यांनी थांबवले नाही. आपल्याला हे कठोर वाटते, आणि वाटायलाही हवे. पत्नी कुंताबाई आणि मुलींनी या त्यागाचा वाटा मुकाट्याने उचलला, हे विसरून चालणार नाही.

उतारवयात बाबांचे लक्ष मुंबईच्या रुग्णालयांकडे गेले. खेड्यातून माणूस आपल्या रुग्णाला घेऊन मुंबईला येतो. रुग्णाला खाट मिळते. पण सोबत आलेली आई, बायको किंवा भाऊ यांचे काय? ते व्हरांड्यात नाही तर फूटपाथवर झोपतात. चूल मांडायला जागा नसते. गाठीचे पैसे खाण्यातच संपतात आणि उपचार अर्धे टाकून सारे गावाकडे परततात. आजार एकाला होतो, पण निराधार सगळे घर होते. हे ओळखून बाबांनी १९५४ साली जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. डॉक्टर औषध देतील; पण ते औषध पुरे होईपर्यंत टिकून राहायला छप्पर लागते, हे अंगठाबहाद्दर गाडगेबाबांना कळले होते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच बाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांच्या निधनाला तेव्हा चौदाच दिवस झाले होते. बाबांच्या मागे त्यांच्या मिशनने हे काम पुढे नेले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अल्प खर्चात राहून टाटा रुग्णालयात उपचार घेतात.

बंधू-भगिनींनो, छप्पर नसणे म्हणजे काय, हे सास्तूरकरांना सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आपली घरे गेली. जखमींना सोलापूर-लातूरला नेले आणि मागे राहिलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. नंतर घरे झाली, गावात रुग्णालयही झाले. तरी मोठ्या आजाराला आजही सोलापूर, पुणे, मुंबई गाठावी लागते. त्यातून ज्यांचा पोटापाण्याचा मुक्काम दर हंगामाला बदलतो, त्या ऊसतोड कुटुंबांचे हाल तर विचारू नका.

तेव्हा आपल्या धर्मग्रामातून कोणी उपचारासाठी बाहेरगावी निघाले, तर कोणत्या डॉक्टरकडे एवढेच विचारून थांबू नका. सोबत कोण जाणार, कुठे उतरणार, मागे पोरे आणि गुरे कोण सांभाळणार, हेही विचारा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. राहण्याच्या सोयीची चौकशी तिथे करता येते. ज्यांचे नातेवाईक त्या शहरांत आहेत, त्यांनी मिस्सानंतर मला भेटून आपली नावे द्यावीत. चार रात्रींचा आसरा कोणाचा तरी उपचार पूर्ण करू शकतो.

यंदा गव्हाणी सजवताना तेवढी एक जागा मोकळी ठेवू या.

प्रभू येशू आपल्या सर्व रुग्णांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो.

आपला,
धर्मगुरू, सास्तूर